समुद्र अजून भरलेला नाही, जरा जोर लावा!

नुकतंच मला प्रमाणपत्र मिळालं. त्यावर सोनेरी अक्षरांत 'सागररक्षक' छापलंय, खाली माझं नाव (एक वेलांटी चुकलीय, पण असो) आणि वर उडी मारणारा डॉल्फिन. भिजू नये म्हणून लॅमिनेट करून दिलंय. म्हणजे मी गेले, माझी नातवंडं गेली, घर पडलं, तरी हे प्रमाणपत्र कुठेतरी शाबूत असणार आणि बहुधा समुद्रातच असणार. तर या लॅमिनेट केलेल्या अधिकाराने आज तुम्हाला चार गोष्टी सांगते. समुद्र प्लॅस्टिकने भरून काढायचं जे काम आपण सगळ्यांनी मिळून अंगावर घेतलंय, ते फार रेंगाळलंय. अजून मधेमधे पाणी दिसतं.

तसं काम अगदीच वाईट चाललेलं नाही. 2010 या एका वर्षात किनारा असलेल्या 192 देशांतून 48 लाख ते 1 कोटी 27 लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेलं, असा हिशेब 2015 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. एवढी तफावत कशी, म्हणून नाकं मुरडू नका. टाकणारा कधी मोजून टाकतो का? पॅसिफिकमध्ये हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मध्ये आपला तो सुप्रसिद्ध कचऱ्याचा पट्टा आहे, त्याचा पसारा 2018 च्या अभ्यासात 16 लाख चौरस किलोमीटर भरला. मात्र तिथे जाऊन कचऱ्याचं बेट शोधू नका, पदरी निराशा येईल. बोटीतून बघाल तर नुसतं पाणीच, मधूनच एखादा डबा, एखादं जाळं. माल पाण्यात आहे, बारीक होऊन. अंदाजे 1 लाख 80 हजार कोटी तुकडे, आणि त्यातले 94 टक्के पाच मिलिमीटरहून लहान. एवढं बारीक कूट करायला ऊन, लाटा आणि वेळ लागतो. आपल्याला फक्त माल पुरवायचाय.

सुरुवात भाषेपासून करा. 'टाकलं' म्हणायची सवय लावून घ्या. 'कुठे टाकलं?' असं कुणी विचारलंच तर 'बाहेर' म्हणा. बाहेर हा फार सोयीचा पत्ता आहे. तिथे कधी कुणी राहत नाही, तिथून कधी पत्र परत येत नाही. 1998 साली पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेत 10,898 मीटर खोलीवर एक प्लॅस्टिकची पिशवी कॅमेऱ्याला दिसली. तिथे जायचं तर माणसाला खास बनवलेली पाणबुडी लागते, आयुष्यभराची तयारी लागते. पिशवी आपली आपली गेली. कुणीतरी 'बाहेर' टाकली होती, बाकी काही नाही. दक्षिण पॅसिफिकमध्ये हेंडरसन नावाचं एक बेट आहे. तिथे माणूस राहत नाही. तरी 2017 मध्ये छापलेल्या मोजणीत तिथल्या किनाऱ्यांवर 3 कोटी 77 लाख तुकडे असल्याचा अंदाज निघाला. माणूस नसतानाही माणसाच्या घरासारखं वाटावं, ही कामगिरी लहान नाही.

बाटली फेकताना झाकण काढून वेगळं फेका. बाटलीत पाणी शिरलं की ती तळाला जाते, झाकण तरंगत राहतं. एकाच वस्तूत वर-खाली दोन्हीकडची सोय होते.

शांपूची पुडी दातांनी फाडता ना? तो फाडलेला कोपरा नीट थुंकून द्या. रिकामी पुडी एखादा भला माणूस उचलेलही, पण नखाएवढा कोपरा उचलायला वाकणारा अजून जन्माला यायचाय.

जहाजावर असाल तर रात्री फेका. जहाजावरून समुद्रात प्लॅस्टिक टाकायला 1988 च्या अखेरीपासून आंतरराष्ट्रीय नियमानं बंदी आहे, दिवसा उगाच ओशाळल्यासारखं होतं.

वस्तू हरवेल ही भीती सोडा. जानेवारी 1992 मध्ये भर पॅसिफिकमध्ये एका मालवाहू जहाजावरून कंटेनर पडले, आणि त्यातून मुलांच्या आंघोळीची 28,800 खेळणी निसटली. पिवळी बदकं, लाल बीव्हर, हिरवे बेडूक, निळी कासवं. त्याच वर्षी ती अलास्काच्या किनाऱ्याला लागायला लागली आणि पुढे कितीतरी वर्षं लागतच राहिली. शास्त्रज्ञांनी त्यांच्यावरून समुद्राचे प्रवाह अभ्यासले. तुमच्या हातून पडलेल्या टूथब्रशलाही उद्या असंच विज्ञानात स्थान मिळेल.

समुद्री जीवांच्या खाण्यापिण्याची काळजी घ्या. कासवाला पाण्यात तरंगणारी पिशवी जेलीफिशसारखी दिसते, तेव्हा पिशवी शक्यतो पारदर्शक असू द्या, त्याची फसगत व्हायला नको. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरचे अल्बट्रॉस पक्षी समुद्रावरून वेचून आणलेलं पिलांच्या चोचीत ओततात. त्यात झाकणं, लायटर, तुकडे, सगळं असतं. पिलाचं पोट भरतं. भरलेल्या पोटी ते उपाशी मरतं. नंतर पिसं, मांस सगळं झडून जातं, आणि हाडांच्या मधोमध रंगीबेरंगी ढीग तसाच राहतो, आत्ताच कुणी मांडून ठेवल्यासारखा. पक्षी मूर्ख असतात असं म्हणायची पद्धत आहे. पण समुद्रात काही काळ राहिलेल्या प्लॅस्टिकवर शेवाळ धरतं आणि त्याला जो वास सुटतो, नेमका तोच वास काढत काही समुद्रपक्षी आपलं अन्न शोधतात, हे 2016 मध्ये संशोधकांनी दाखवलंय. म्हणजे पक्ष्याचं नाक बरोबरच आहे. लाखो वर्षं त्या नाकानं त्याला फसवलं नव्हतं. नोव्हेंबर 2018 मध्ये इंडोनेशियात वाकाटोबीजवळ एक मेलेला स्पर्म व्हेल किनाऱ्याला लागला. त्याच्या पोटात सुमारे सहा किलो प्लॅस्टिक निघालं, 115 कप, 25 पिशव्या, 4 बाटल्या आणि दोन चपला. दोन चपला. एका पायातल्या की दोन्ही पायांतल्या, ते कुठे वाचायला मिळालं नाही. कुणाच्या, तेही नाही. माणूस मात्र अनवाणी घरी गेला नसणार, त्यानं नवीन घेतल्या असणार.

असो. सूचनांकडे वळू.

कुणी दोष देऊ लागलं तर लगेच जाळ्यांकडे बोट दाखवा. त्या पॅसिफिकच्या पट्ट्यात वजनाच्या हिशेबानं 46 टक्के मासेमारीची जाळी आहेत. हा आकडा तोंडपाठ करा. 'मी नाही त्यातली' म्हणायला एवढा पक्का आकडा फार क्वचित सापडतो. उरलेल्या 54 टक्क्यांचा विषय कुणी काढला तर पाणी प्या. बाटलीतलं.

डब्याच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण शोधा आणि तो दिसला की निश्चिंत व्हा. ही खूण 1988 साली आली. आतला आकडा प्लॅस्टिक कुठल्या जातीचं आहे एवढंच सांगतो, पुढे त्याचं काय होणार ते सांगत नाही. पण तुम्ही तसं समजू नका. 2015 पर्यंत जगात जेवढा प्लॅस्टिकचा कचरा झाला, त्यातला जेमतेम 9 टक्के पुन्हा वापरात आला. 12 टक्के जाळला. बाकी 79 टक्के पुरलेला नाहीतर पसरलेला आहे. तुमचा डबा त्या नऊ टक्क्यांतलाच असणार. तुमचं नशीबच तसं.

आणि घाई करू नका. अटलांटिकमधल्या सरगॅसो समुद्राच्या पाण्यावर प्लॅस्टिकचे तुकडे तरंगताना सापडले, हे शास्त्रज्ञांनी 1972 साली छापलं. त्यावर जागतिक करार करायला हवा असा ठराव नैरोबीत मार्च 2022 मध्ये झाला. मधली पन्नास वर्षं सगळे विचार करत होते. करार 2024 च्या अखेरीपर्यंत व्हायचा होता. दक्षिण कोरियात बुसानला सगळे देश बसले, नाही झाला. ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हाला बसले, नाही झाला. एक बाजू म्हणते, मुळात बनवायचंच कमी करू. दुसरी म्हणते, बनवण्याला हात लावू नका, कचऱ्याचं काय ते बोला. दोन्ही बाजूंना बोलून बोलून घशाला कोरड पडली असेल.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. किनारा स्वच्छता मोहीम काढा. समुद्रात प्लॅस्टिक पोचवायचा याच्याइतका शिस्तशीर मार्ग मी दुसरा पाहिलेला नाही, आणि ही ऐकीव माहिती नव्हे. मी हजर होते. वर प्रमाणपत्राचा उल्लेख केलाच आहे.

मोहीम कशी काढावी? आधी फ्लेक्स लावावा. 'प्लॅस्टिकमुक्त सागर' हे प्लॅस्टिकवर छापावं, म्हणजे पावसात टिकतं. आलेल्या प्रत्येकाला टोपी द्यावी, आणि टोपी प्लॅस्टिकच्या पाकिटात असावी. हातमोजे द्यावेत, तेही पाकिटात, एका पाकिटात एकच जोडी. पाण्याची लहान बाटली द्यावी, दोन घोट घेतले की तोंड उष्टं झालं म्हणून कुणी दुसऱ्याची पीत नाही आणि आपली कुठली तेही आठवत नाही. त्यामुळे नवीन घ्यावी लागते. आम्ही दीडशे माणसं होतो. वाळूवर पाय ठेवल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत आम्ही तिथे जेवढा कचरा केला, तेवढा समुद्रानं रात्रभरात आणला नसेल.

मग पाहुणे येतात. पाहुण्यांनी चाळीस मिनिटं समुद्राशी असलेलं आपलं नातं सांगितलं. मग उद्घाटन म्हणून फुगे सोडले. निळे आणि पांढरे, लाटांचे रंग म्हणे. वारा जमिनीवरून समुद्राकडे होता. आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि फुगे जिथे जायचे तिथे चालले होते. माझ्या शेजारी एक सात-आठ वर्षांची मुलगी उभी होती. तिनं आईला विचारलं, "आई, ते आता खाली कुठे पडणार?" आई म्हणाली, "शू."

त्यानंतर मात्र आम्ही खरंच काम केलं, हे सांगायलाच हवं. दोन तास. ऊन डोक्यावर. ओणवं होऊन होऊन कंबर धरली. कान कोरायच्या कापसाच्या काड्या (कापूस गेलेला, काडी तश्शीच), दोऱ्या, पुड्या, एका पायातली रबरी सपाता, बारीक शिंपले चिकटलेला एक टूथब्रश. एका ठिकाणी मूठभर वाळू उचलली तर त्यात पांढरट, मसुराएवढे गोल दाणे. मला आधी कसली तरी अंडी वाटली. नखानं दाबलं, फुटेना. हे कारखान्यात जाणारे प्लॅस्टिकचे दाणे. हे वितळवून वस्तू करतात. म्हणजे याची अजून बाटली झाली नव्हती, पिशवी झाली नव्हती, कुणी वापरून टाकलीही नव्हती. वस्तू व्हायच्या आधीच कचरा झालेला. 2021 मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज जळून बुडालं, तेव्हा असे सुमारे 1,680 टन दाणे त्यावर होते आणि किनारेच्या किनारे पांढरे झाले होते. माझ्या मुठीत सतरा होते. मी मोजले. पंधरा उचलले, दोन बोटांच्या फटीतून वाळूत गेले ते गेलेच. मग समोर नजर टाकली. किनारा लांबच्या लांब. त्या क्षणी खाली बसावंसं वाटलं.

पण नाही बसले. सगळ्यांनी मिळून अठ्ठेचाळीस पोती भरली. पोती निळी, प्लॅस्टिकची, तोंडं नायलॉनच्या दोरीनं आवळलेली. बाटल्या वेगळ्या, चपला वेगळ्या, दोऱ्या वेगळ्या. इतक्या नेटकेपणानं मी घरातलं कपाटही कधी लावलेलं नाही. पोत्यांचा ढीग केला, त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढले, पाहुण्यांनी एका पोत्यावर हात ठेवला. मी संयोजकांना विचारलं, "ही पोती कोण नेणार?" ते म्हणाले, "गाडी येतेय, मॅडम." मी म्हटलं, "जरा वर तरी ठेवूया, तिकडे वाळू ओली आहे." ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही प्रमाणपत्र घेतलंत का?"

मी घेतलं. आणि घरी आले. हे लिहिताना मान खाली जाते, पण आले.

दोन दिवसांनी पौर्णिमा होती. त्या संध्याकाळी फिरायला गेले तर किनारा स्वच्छ. मला काय आनंद झाला! म्हटलं, आली बाबा गाडी. मग खडकांकडे गेले. एका कपारीत निळं पोतं अडकलेलं, तोंडाची दोरी तशीच आवळलेली, बुडाला टराटरा फाटलेलं. पलीकडे दुसरं, निम्मं रिकामं. बाकी सेहेचाळीस कुठे गेली, हे सांगायला तज्ज्ञ नको. उधाणाची भरती आली आणि घेऊन गेली. समुद्रानं विस्कटून आणून टाकलेला कचरा आम्ही निवडला, वर्गवारी केली, पोत्यांत भरला, गाठ मारली आणि त्याला परत दिला. वर आमच्या बाटल्या घातल्या. व्याजासकट.

संयोजकांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, भरती नैसर्गिक असते, त्यात आपला काय दोष?" आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, "पुढच्या महिन्यात परत ठेवू ना. कचऱ्याला कुठे तोटा आहे!"

नैसर्गिक.

अहो, नैसर्गिक आहे म्हणूनच तिची वेळ कळते ना! तुमच्या गाडीची कळत नाही, पाहुण्यांची कळत नाही, भरतीची मिनिटासकट कळते. तिची वेळापत्रकं वर्षभर आधी तयार असतात. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त वर चढतं हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. तुम्हाला फ्लेक्सवर लोगो किती आणि कुणाचा कुणाच्या वर, यावर तीन बैठका घेता आल्या. पोती कोण उचलणार यावर एकही नाही? एक टेम्पो आधी सांगून ठेवता येत नव्हता? टेम्पो नव्हता तर पोती शंभर पावलं वर ओढता येत नव्हती? दीडशे माणसं उभी होती तिथे! फोटोसाठी तासभर उभी राहिली!

आणि त्या दीडशेत मी होते. मला ओली वाळू दिसली होती. मी विचारलं, उत्तर मिळालं नाही, आणि मी प्रमाणपत्र घेऊन निघाले, कारण ऊन होतं आणि कंबर दुखत होती. संयोजकांना शिव्या देताना एवढं तरी मला कबूल केलं पाहिजे.

पण तुम्हीही हसू नका. 'आम्ही असल्या मोहिमांना जातच नाही' म्हणून तर अजिबात हसू नका. त्या पोत्यांतल्या वस्तू आकाशातून पडलेल्या नव्हत्या. कापसाची काडी कुणीतरी संडासात टाकून पाणी ओढलेलं असतं. पुडीचा कोपरा कुणीतरी थुंकलेला असतो. बाटली कुणीतरी नाल्याच्या कठड्यावर नीट उभी करून ठेवलेली असते, जणू नाल्याला तहान लागणार आहे. नाला नदीला मिळतो आणि नदी समुद्राला, हे तिसरीच्या पुस्तकात शिकलो आपण, पेपरात लिहून गुण मिळवले. आणि जे कारखाने एकदा वापरायची वस्तू शेकडो वर्षं टिकेल अशी बनवतात, आणि ती गोळा करायची वेळ आली की 'ग्राहकांनी जबाबदारीनं वागावं' असा फलक लावतात, त्यांनी तर मला सागररक्षक म्हणायची हिंमतच करू नये. आमच्या टोप्या त्यांनीच दिल्या होत्या. पाकिटातल्या.

पुढच्या महिन्याच्या मोहिमेचं निमंत्रण आलंय. वेळ सकाळी आठची आहे. मी भरतीची वेळ बघितली, त्या दिवशी सव्वानऊला आहे. तुम्ही साफ कराल काय, डोंबल? पाण्यात उभे राहाल.

संयोजकांसाठी एकच निरोप आहे. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन आधी कळवा, मग मी येते, हातमोजे घरचे आणते. नाहीतर माझं नाव काढून टाका. प्रमाणपत्र परत हवं असेल तर तेही देते. तुमची ती दोन पोती मी खडकातून सोडवून आणलीत, अंगणात उभी आहेत आणि घाण वास येतोय. त्यातल्याच एकात घालून ठेवते. गाडी पाठवा.